मातीविना आलेली डेलिली: तीन उन्हाळ्यांनंतरचा अभिप्राय

मध्य न्यू जर्सीतील आमच्या घरासमोर, ओटा आणि पदपथ यांच्या मधोमध, बावीस फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा आहे. दक्षिणेकडे तोंड असल्यामुळे तिथे दिवसाचे सात-आठ तास ऊन असते; माती मात्र या भागातली नेहमीची, तांबूस, चिकट आणि हातभर खाली गेले की ठिसूळ खडकाचे पातळ तुकडे लागणारी. या वाफ्यासाठी २०२२ च्या मे महिन्यात मी दोन ठिकाणांहून डेलिली घेतली. एक खरेदी घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातली होती : पुठ्ठ्यावर सुंदर पिवळ्या फुलाचे छायाचित्र असलेली, लाकडाच्या भुशात मुळे बांधलेली प्लास्टिकची पिशवी. दुसरी खरेदी केवळ डेलिलीच वाढवणाऱ्या आणि शेतातून उपटून टपालाने पाठवणाऱ्या एका लहान रोपवाटिकेची. दोन्ही ठिकाणी रोप मातीविना, नुसत्या मुळांसह मिळते. दोघांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण कोणत्या विक्रेत्याकडे जावे यापेक्षा कोणत्या पद्धतीने विकत घ्यावे आणि हातात काय आले आहे हे कसे ओळखावे, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

तीन वर्षे थांबून लिहिण्यामागे कारण आहे. डेलिलीबद्दलचे बहुतेक अभिप्राय रोप घरी आल्यापासून महिन्या-दोन महिन्यांत लिहिलेले असतात, आणि त्यांत खोके किती लवकर आले व पाने हिरवी होती की पिवळी एवढेच कळते. हे झाड पहिल्या उन्हाळ्यात मुळे धरते, दुसऱ्यात फुटवे वाढवते आणि आपल्या खऱ्या उंचीने व खऱ्या संख्येने फुलते ते तिसऱ्या उन्हाळ्यात. पहिल्या जुलैमध्ये मी अभिप्राय लिहिला असता, तर पिशवीतल्या रोपांना मी जास्त गुण दिले असते, आणि ते साफ चुकले असते.

नवख्या वाचकासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. डेलिली हे नाव असले तरी ही खरी लिली नव्हे. खऱ्या लिलीला खवल्याखवल्यांचा कंद असतो आणि तिची पाने एकाच उभ्या दांड्यावर येतात. डेलिलीला कंद नसतो. जमिनीलगत एक आखूड गड्डा असतो, त्याच्या खाली जाडजूड मुळांचा झुबका आणि वर हातपंख्यासारखी एका पातळीत पसरलेली पाने असतात. वाढवणारे लोक अशा एका फुटव्याला फॅनच म्हणतात आणि विक्रीही फॅनच्या हिशोबाने होते. खोके उघडले त्या दिवशी माझी आई इथे आलेली होती. तिने एक झुबका हातात घेतला, बोटभर लांबीची, मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळती अशी ती पिवळट मुळे चाचपून पाहिली आणि म्हणाली, “अरे, ही तर शतावरी!” शतावरीची मुळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना डेलिलीचे चांगले मूळ ओळखायला दुसऱ्या कोणत्याही खुणेची गरज नाही : तशीच भरीव, तशीच ताठ, दाबली तर न दबणारी.

हिचे शास्त्रीय नाव हेमेरोकॅलिस. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ दिवसापुरते सौंदर्य असा होतो, कारण प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. हे ऐकून येथील शेजाऱ्यांना हळहळ वाटते. जास्वंद दारात असलेल्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटत नाही. जास्वंदीचे फूलही सकाळी उमलून संध्याकाळी मिटते आणि तरी झाड रोज फुललेले असते. फरक एवढाच की इथे जास्वंदीची कुंडी ऑक्टोबरमध्ये उचलून घरात आणावी लागते, आणि डेलिली बर्फाखाली जमिनीतच राहते. मूळची ती पूर्व आशियातली, चीन, जपान आणि कोरियाकडची. परंतु अमेरिकेत तिच्यावर एवढे काम झाले आहे की आज ऐंशी हजारांहून अधिक वाण नोंदलेले आहेत. या कामाचा पाया न्यूयॉर्क वनस्पती उद्यानातील शास्त्रज्ञ आर्लो बर्डेट स्टाउट यांनी घातला, आणि या क्षेत्रातले सर्वोच्च पदक त्यांच्याच नावाने दिले जाते.

आता मालाविषयी. दुकानातल्या तीन पिशव्यांत मिळून सहा फुटवे असतील असे छापलेले होते. प्रत्यक्षात पाच निघाले. त्यांपैकी दोघांची मुळे सुरकुतलेली, दोरीसारखी लुळी, आणि एकाचा गड्डा अंगठ्याने दाबताच आत गेला व कुजकट वास आला. पिशवी बंद असल्यामुळे हे दुकानात दिसत नाही, आणि उष्ण दुकानात महिनाभर टांगलेल्या पिशवीत पांढुरके कोंब मात्र जोरात वाढलेले दिसतात, त्यामुळे रोप टवटवीत आहे असा समज होतो. ते कोंब मुळांतला साठा खाऊन वाढलेले असतात. रोपवाटिकेच्या खोक्यात प्रत्येक वाणाचे दोन-दोन फुटवे एकमेकांना जोडलेले होते, पाने सहा-सात इंचांवर कापलेली होती, मुळे वर्तमानपत्रात सैल गुंडाळलेली होती आणि माती पूर्ण धुतलेली होती. मागवलेल्या चार वाणांबरोबर पाचवे रोप भेट म्हणून आले. तक्रारही नोंदवतो : खोके ठरलेल्या आठवड्याऐवजी दहा दिवस उशिरा, नेमके पहिल्या कडक उन्हाच्या दिवसांत आले आणि दोन दिवस टपालगाडीत तापले. मुळे वरून कोरडी पडली होती. डेलिलीची मुळे पाणी साठवून ठेवणारी असल्याने ती यातून वाचली. गुलाबाची कलमे असती तर वाचली नसती. शिवाय लाकडी पट्ट्यांवर मार्करने लिहिलेली नावे पहिल्याच हिवाळ्यात पुसली गेली. मी त्याच दिवशी वाफ्याचा नकाशा वहीत काढून ठेवला होता म्हणून पुढचा गोंधळ टळला. तुम्हीही तसे करा, पट्टीवर विसंबून राहू नका.

लावणीच्या बाबतीत माझी एक चूक झाली आणि ती सांगणे मला आवश्यक वाटते, कारण रोप फुलले नाही की आपण विक्रेत्याला दोष देतो. मुळे तास-दोन तास बादलीतल्या पाण्यात भिजवून झाली. फूटभर खोल आणि त्याहून थोडे रुंद खड्डे घेतले. खणलेल्या मातीत कंपोस्ट मिसळले. खड्ड्याच्या तळाशी मातीची छोटी ढिगोळी करून तिच्यावर गड्डा टेकवला आणि मुळे चारी बाजूंनी खाली सोडली. येथवर सर्व ठीक होते. परंतु एका बाजूच्या तीन रोपांवर, ती वाऱ्याने हलू नयेत म्हणून, मी माती जास्त ओढली. डेलिलीच्या पानांच्या बुडाशी, पांढरा भाग संपून हिरवा सुरू होतो तिथे, एक स्पष्ट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे पूर्वीच्या शेतातली जमिनीची पातळी. नवीन जागीही माती त्याच रेघेपर्यंत यावी, म्हणजे गड्डा सुमारे एक इंच खाली राहतो. माझी तीन रोपे जवळजवळ तीन इंच खाली गेली होती. त्यांतले एक कुजले आणि उरलेल्या दोघांनी दोन वर्षे नुसती पाने दिली. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये ती उचलून वर बसवल्यानंतर त्याच वर्षी जुलैअखेर दोघांनाही फुलदांडे आले.

दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. पहिल्या वर्षी हे अंतर उघडेबोडके दिसते आणि मध्ये काहीतरी खुपसण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तिसऱ्या वर्षी पाने एकमेकांना भिडतात. मातीची तपासणी मी रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत नमुना पाठवून करून घेतली. माती किंचित आम्ल निघाली, जी डेलिलीला मानवते, आणि स्फुरद पुरेसे असल्याचे कळले, त्यामुळे पिशव्या भरून खत आणण्याचा खर्च वाचला. वसंतात कंपोस्टचा पातळ थर आणि त्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन एवढ्यावर हा वाफा उभा आहे. आच्छादन गड्ड्यापासून चार बोटे दूर ठेवतो. हिरवळीवर मारायचे नत्रयुक्त खत या वाफ्यात जाऊ देऊ नये, नाहीतर पाने गुडघ्यापर्यंत वाढतात आणि कळ्या मोजक्याच येतात. पाणी आठवड्याला एक इंच, पावसासकट, आणि तेही बुडाशी. कळ्या धरण्याच्या काळात पाण्याची ओढ बसली तर दांडे आखूड राहतात, हे मी दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष पाहिले.

वाणांपैकी पहिला ‘स्टेला दे ओरो’. वॉल्टर याब्लोन्स्की यांनी १९७५ मध्ये नोंदवलेला आणि १९८५ मध्ये स्टाउट पदक मिळवणारा हा वाण इथल्या प्रत्येक बाजारपेठेच्या वाहनतळाशी लावलेला दिसतो, आणि त्याला कारण आहे. उंची जेमतेम फूटभर, फूल पावणेतीन इंचांचे, आणि जूनच्या आरंभी एक भरगच्च बहर येऊन गेल्यावर पुन्हा पुन्हा फूल. दणकटपणाला पूर्ण गुण. रंग मात्र गडद सोनेरी, जवळजवळ हळदीच्या मुळासारखा, आणि तांबड्या विटांच्या भिंतीपुढे तो मला मंद वाटतो. त्याच्याच वंशातला, डॅरेल ॲप्स यांनी १९८६ मध्ये नोंदवलेला ‘हॅपी रिटर्न्स’ लिंबासारखा फिकट पिवळा आहे, दीड फूट उंचीचा आहे आणि तोही पुन्हा पुन्हा फुलतो. या दोघांतला एकच घ्यायचा असेल तर मी निःसंशय हा घेईन. संध्याकाळच्या उजेडात तो रस्त्यावरून दिसतो, स्टेला दिसत नाही.

‘हायपेरियन’ हे माझ्या वाफ्याचे वैभव आहे. इंडियानातील फ्रँकलिन मीड यांनी १९२४ साली दिलेला हा वाण शंभर वर्षांनंतरही विकला जातो, यातच त्याची परीक्षा झाली. साडेतीन फुटांच्या वर दांडे, अरुंद पाकळ्यांची मोठी लिंबोणी फुले, आणि सुगंध. आजच्या पुष्कळ वाणांना वास नसतो. याच्या शेजारून सकाळी जाताना सोनटक्क्याची आठवण येते, जरी वास त्याहून हलका आहे. तो वर्षातून एकदाच, जुलैत, तीन-साडेतीन आठवडे फुलतो, आणि मला ते पुरते. तिसऱ्या वर्षी दोन फुटव्यांचे नऊ झाले आणि सात दांडे आले. एका दांड्यावर मी अठरा कळ्या मोजल्या. चौथा वाण ‘शिकागो अपाची’, मखमली लाल, फुलांचा आकार पाच इंचांचा. तो लावताना जागा निवडण्यात मी कमी पडलो. गडद लाल पाकळ्या दुपारच्या उन्हात करपल्यासारख्या होतात, आणि तीन वाजेपर्यंत फुलाच्या कडा मलूल पडतात. पूर्वेकडची जागा, जिथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारी सावली येते, ती याच्यासाठी योग्य; या वर्षी तो तिकडे हलवणार आहे.

पिशवीतल्या रोपांचे पुढे काय झाले ते आता सांगतो. वाचलेल्या तीन फुटव्यांनी पहिल्याच वर्षी जोरात पाने काढली, आणि मला ते पाहून बरे वाटले. दुसऱ्या जूनमध्ये कळी उमलली ती छायाचित्रातल्यासारखी पिवळी नव्हती, तर केशरी. ही होती रस्त्याच्या कडेला, चरांच्या काठाने जूनअखेर सगळीकडे फुलणारी जुनी केशरी डेलिली, हेमेरोकॅलिस फुल्वा. दिसायला ती वाईट नाही. परंतु तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असल्यामुळे ती बी धरत नाही आणि त्याची भरपाई जमिनीखालून धावणाऱ्या आडव्या खोडांनी करते. वाणांची डेलिली झुबक्यातच वाढते, ही पसरते. दोन वर्षांत ती हायपेरियनच्या मुळांत घुसली होती, आणि ती काढायला मला दोन शनिवार लागले, तरी उरलेल्या प्रत्येक तुकड्यातून अजून कोंब येतात. दुकानाने पावती पाहून पैसे परत केले, ही त्यांच्या बाजूने नोंद घेण्याजोगी गोष्ट. पण चुकीच्या रोपात गेलेली दोन वर्षे परत करणे कोणाच्याच हातात नसते. म्हणून नावानिशी वाण हवा असेल तर पिशवी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर हिशोब केला तर सरासरी नऊ डॉलरला घेतलेले रोपवाटिकेचे रोप स्वस्त ठरले.

रोग आणि उपद्रव यांविषयी थोडे. तांबेरा हा डेलिलीचा एक वेगळा रोग आहे. अमेरिकेत तो २००० साली आढळला आणि रोपांच्या देवघेवीबरोबर पसरला. पानाच्या मागून पांढरा कागदी रुमाल फिरवावा. त्यावर नारिंगी भुकटी उतरली तर तांबेरा समजावा. आमच्याकडच्या थंडीत पाने पूर्ण मरत असल्याने तो हिवाळा काढू शकत नाही, पण दक्षिणेकडील उष्ण राज्यांतून रोपे मागवली तर आल्याबरोबर ही तपासणी करावी. माझी रोपे स्वच्छ होती. मावा वसंतात येतो आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जातो. खरे संकट हरणांचे. २०२३ च्या जूनअखेरीस एका रात्रीत हायपेरियनच्या सर्व उंच दांड्यांवरच्या कळ्या खुडल्यासारख्या नाहीशा झाल्या. पाने जागच्या जागी, दांडे उभे, फक्त टोके गेलेली. तेव्हापासून कळ्या दिसू लागल्या की अंड्याच्या वासाचे हरणे पळवणारे द्रावण दर दहा दिवसांनी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर फवारतो. हा खर्च आणि हे काम विक्रीच्या कोणत्याही जाहिरातीत लिहिलेले नसते, म्हणून इथे लिहून ठेवतो.

याहून महत्त्वाची गोष्ट मांजरांची आहे. डेलिली मांजरांना जीवघेणी आहे. पान, फूल, परागकण, फुलदाणीतले पाणी, यांतले थोडेसे पोटात गेले तरी मांजराची मूत्रपिंडे काही दिवसांत निकामी होऊ शकतात. चीनमध्ये याच कुळातल्या कळ्या वाळवून रश्शात घालतात, म्हणून ही वनस्पती निरुपद्रवी आहे असे समजणे मांजराच्या बाबतीत घातक ठरेल. मला हे रोपे लावल्यानंतर कळले. शेजारच्या घरातले मांजर आमच्या ओट्यावर ऊन खायला येत असे. मी त्या घरी जाऊन सांगितले आणि त्यांनी ते बाहेर सोडणे थांबवले. माझ्या रोपवाटिकेच्या खोक्यात लावणीची चार पानी माहिती होती, पण याबद्दल एक ओळही नव्हती. या एका उणिवेसाठी मी त्यांचा एक गुण कापतो, आणि त्यांना तसे लिहून कळवलेही आहे.

रोजची निगा फारशी नाही. मिटलेली फुले सकाळी बोटाने मोडून काढली तर वाफा नीट दिसतो आणि बी धरण्यात झाडाची शक्ती जात नाही. दांड्यावरची शेवटची कळी फुलून गेली की दांडा बुडाशी कापायचा. चार-पाच वर्षांनी झुबक्याच्या मध्यावर फुले कमी होऊ लागली की तो उपटून, पाणी मारून मुळे मोकळी करून, दोन-तीन फुटव्यांचे भाग करायचे. बहर संपल्यावर, ऑगस्टअखेर ते सप्टेंबर हा त्यासाठी इथला योग्य काळ, कारण जमीन गोठण्यापूर्वी नव्या मुळांना किमान सहा आठवडे मिळायला हवेत.

महाराष्ट्रातून हे वाचणाऱ्यांनी मी वर दिलेले चारही वाण जसेच्या तसे मागवू नयेत. हे थंडीत पाने टाकून विश्रांती घेणारे वाण आहेत, आणि थंडीचा तो काळ न मिळाल्यास ते वर्षागणिक खंगत जातात. बारा महिने हिरव्या राहणाऱ्या डेलिलीचा वेगळा गट आहे. नर्सरीत तोच मागावा, आणि पावसाळ्यात पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा द्यावी.

मी या सप्टेंबरसाठी त्याच रोपवाटिकेकडे पुन्हा मागणी नोंदवली आहे, दोन हॅपी रिटर्न्स आणि आणखी एक हायपेरियन. या वेळी मागणीपत्रावर खोके सोमवारीच टपालात टाकावे, म्हणजे ते शनिवार-रविवारी गोदामात अडकून पडणार नाही, असे लिहिले आहे, आणि मेऐवजी सप्टेंबरचा दुसरा आठवडा मागून घेतला आहे.